इरुकुडीच्या तलावाकाठचा बुद्ध : शिलाहारांचा इतिहास आपण कसा वाचायचा?

शके १०३२, म्हणजे इसवी सन १११०. आजच्या मिरजेच्या परिसराला तेव्हा 'मिरिंज देश' म्हणत. या देशातल्या इरुकुडी नावाच्या गावी शिलाहार राजा गंडरादित्य याने एक मोठा तलाव बांधला आणि स्वतःच्या नावावरून त्याला 'गंडसमुद्र' असं नाव दिलं. तलावाच्या काठावर त्याने तीन मूर्ती बसवल्या. एक ईश्वराची म्हणजे शिवाची, एक अर्हताची म्हणजे जिनाची आणि एक बुद्धाची. तिघांच्या खर्चासाठी स्वतंत्र जमिनी नेमून दिल्या. ही दंतकथा नाही. राजाच्या स्वतःच्या दानलेखातली नोंद आहे.

१११० हे साल नीट लक्षात घ्या. महाराष्ट्रातून बुद्ध तोपर्यंत कधीच नाहीसा झाला होता असं आपल्याला सांगितलं जातं. अजिंठा-वेरूळचं काम थांबून काही शतकं लोटलेली. आणि तरीही कृष्णाकाठच्या मुलखात एक राजा बुद्धाची मूर्ती बसवतो आणि तिच्यासाठी जमीन देतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच्या साडेआठशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

सांगली, मिरज, कराड, कोल्हापूर या भागातल्या आपल्या किती मुलांना हे माहीत आहे? आमच्या अभ्यासवर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. पटवर्धनांचं संस्थान माहीत असतं, पन्हाळ्याचा वेढा माहीत असतो. इरुकुडी कुणालाच माहीत नसते. गंमत म्हणजे ही माहिती कुणी लपवून ठेवलेली नाही. रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच दख्खनच्या इतिहासात ती छापली. पुढे वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र करून प्रसिद्ध केले. छापलेली गोष्टसुद्धा शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचत नाही, कारण कुठली गोष्ट पोहोचवायची हे कुणीतरी ठरवत असतं. आपण ती पोहोचवायची ठरवली तर कशी पोहोचवायची, हा या लेखाचा विषय आहे.

कोण होते हे शिलाहार?

शिलाहारांची तीन घराणी होती. एक उत्तर कोकणात ठाण्याला, दुसरं दक्षिण कोकणात आणि तिसरं आपल्याकडे. या तिसऱ्या घराण्याला इतिहासकार 'कोल्हापूरचे शिलाहार' म्हणतात, पण त्यांचा मुलूख कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर, पन्हाळा असा पसरलेला होता. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रकूटांची सत्ता कोसळली आणि कल्याणीचे चालुक्य वर आले. त्याच सुमाराला हे घराणं पुढे येताना दिसतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादवांनी ते संपवलं. म्हणजे जवळपास सव्वादोनशे वर्षं या मुलखावर त्यांचा अंमल होता.

बहुतेक काळ हे स्वतंत्र राजे नव्हते. चालुक्यांचे मांडलिक होते आणि 'महामंडलेश्वर' ही पदवी लावत. 'तगरपुरवराधीश्वर' असंही म्हणवून घेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आपलं मूळ तिथलं, असा त्यांचा दावा. कोल्हापूरची महालक्ष्मी ही त्यांची कुलदेवता. गोंक नावाच्या राजाच्या ताब्यात कऱ्हाड, कुंडी, मिरज आणि कोकण होतं असं लेख सांगतात. मारसिंह राजाचं १०५८ चं दानपत्र मिरजेचं म्हणून ओळखलं जातं. कऱ्हाडची शिलाहार राजकन्या चंद्रलेखा हिने चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याला स्वयंवरात वरलं, याचं वर्णन काश्मिरी कवी बिल्हणाने केलं आहे. मारसिंहानंतरच्या पिढीत भोज, बल्लाळ आणि गंडरादित्य हे भाऊ राज्यावर आले. गंडरादित्यानंतर त्याचा मुलगा विजयादित्य आणि नातू दुसरा भोज. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यापासून भुदरगडापर्यंतचे कितीतरी किल्ले या दुसऱ्या भोजाने बांधले असं परंपरा सांगते. आज आपण खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर बघायला जातो, स्वर्गमंडपात उभं राहून फोटो काढतो, ते याच मुलखातलं आणि याच काळातलं काम.

दोन वाचनं, दोन्ही अपुरी

ही इरुकुडीची नोंद सांगितली की दोन प्रकारची माणसं लगेच पुढे येतात.

पहिला प्रकार म्हणतो, "बघा, आमचे हिंदू राजे किती सहिष्णू होते! शंकर, महावीर आणि बुद्ध एकाच काठावर. इथे कधी भांडण नव्हतंच." यावर पहिला प्रश्न असा, की हे 'हिंदू राज्य' हा शिक्का कुणी मारला? शिलाहारांनी स्वतःला 'हिंदू राजे' म्हटलेलं नाही. ते स्वतःला महामंडलेश्वर म्हणतात, महालक्ष्मीचा वर मिळालेले म्हणतात. शैव, जैन, ब्राह्मण, बौद्ध ही वेगवेगळी नावं त्यांच्या काळात वेगवेगळीच होती. त्या सगळ्यांवर एकच पांघरूण टाकायचं आणि वर 'सहिष्णुता' असं भरतकाम करायचं, हा नंतरचा उद्योग आहे.

उलट इरुकुडीची नोंद या पांघरुणाला भोक पाडते. तिथे बुद्धाचं नाव वेगळं आहे आणि जमीनही वेगळी आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी आठवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आम्ही नाकारतो. बुद्धाला अवतारांच्या रांगेत उभं करून गिळून टाकण्याचं काम पुराणांनी तोपर्यंत सुरू केलेलं होतं. तरी १११० साली मिरज प्रांतातल्या राजाच्या दानलेखात बुद्ध कुणाचा अवतार म्हणून येत नाही. बुद्ध म्हणूनच येतो. हा पुरावा आपल्या बाजूचा आहे.

दुसरा प्रकार आपल्यातलाच आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात तो भेटतो. "शिलाहार हे बौद्ध राजे होते! आपला इतिहास लपवला गेला!" मित्रांनो, हेही खरं नाही. ज्या गंडरादित्याने बुद्धाला जमीन दिली, त्याने प्रयागला लाख ब्राह्मणांना जेवण घातल्याचा उल्लेख आहे. त्याने आजऱ्याला जैन मंदिर बांधलं. त्याचा नातू दुसरा भोज याने कोल्हापुरात ब्राह्मणांच्या भोजनासाठी आणि निर्वाहासाठी जमिनी दिल्या. राजा सगळ्यांना थोडं थोडं देत होता, कारण त्याला सगळ्यांची गरज होती. शैव मठ, जैन सेनापती, व्यापारी, ब्राह्मण, सगळे सत्तेचे खांब होते. बुद्धाच्या मूर्तीला जमीन देणारा राजा बौद्ध ठरत नाही, जसा दीक्षाभूमीला भेट देऊन जाणारा मंत्री आंबेडकरवादी ठरत नाही.

खोटा पुरावा ही आपली गरज नाही. एक खोटी गोष्ट सापडली की समोरचा आपल्या दहा खऱ्या गोष्टी नाकारायला मोकळा होतो.

वाचवणाऱ्याचं नाव, खाणाऱ्याचा झेंडा

शिलाहारांच्या मुळाची कथा मात्र आपण जरूर वाचावी. ते स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. गरुड रोज एक नाग खात असे. नागांच्या राजाने त्याच्याशी करार केला होता, की तू सगळ्यांचा संहार करू नकोस, आम्ही रोज एक नाग पाठवू. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली. त्याची आई आक्रोश करत होती. जीमूतवाहनाने ते पाहिलं आणि शंखचूडाच्या जागी तो स्वतः शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार म्हणून 'शिलाहार', अशी या नावाची फोड केली जाते.

ही कथा ज्या नाटकामुळे सर्वांत जास्त गाजली ते सातव्या शतकातलं 'नागानंद', सम्राट हर्षाच्या नावावरचं. संस्कृत नाटकाच्या सुरुवातीला नांदी असते, त्यात देवाला वंदन असतं. 'नागानंद'ची नांदी बुद्धाला आहे. दुसऱ्याच्या प्राणासाठी स्वतःचा देह देणारा जीमूतवाहन हा बोधिसत्त्वाच्या साच्यातला नायक आहे. नागांचा विषय निघाला की आपल्याला १५ ऑक्टोबर १९५६ चं बाबासाहेबांचं नागपूरचं भाषण आठवतंच. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, हे त्यांनी तिथे सांगितलं होतं.

पण इथेही घाई नको. शिलाहारांनी नागाशी नातं सांगितलेलं नाही. ते सांगतात नागाला वाचवणाऱ्याचं. आणि त्यांच्या झेंड्यावर काय होतं? सोन्याचा गरुड. 'सुवर्णगरुडध्वज' हे त्यांचं बिरुद आहे. नाव वाचवणाऱ्याचं आणि झेंडा खाणाऱ्याचा! सत्तेचा स्वभाव याहून चांगला कसा सांगता येईल? आजही आपल्या महामानवांचा जयघोष करणारे कुणाच्या झेंड्याखाली उभे असतात, ते तुम्ही पाहताच.

याच कथेने शेवटी त्यांना गाठलं. यादव राजा सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि हे राज्य संपलं. १२१३-१४ च्या सुमाराला खिद्रापूरच्या मंदिरात सिंघणाचा दानलेख कोरलेला आढळतो, म्हणजे मालक बदलले होते. सिंघणाची स्तुती करणाऱ्या लेखात म्हटलं आहे, की पन्हाळ्यावर राहणारा भोज हा सर्प आणि त्याला पळवून लावणारा सिंघण हा गरुड. गरुडध्वज मिरवणारे अखेर सर्प ठरले. हरलेल्याला कुठल्या नावाने हाक मारायची हे जिंकणारा ठरवतो. 'राक्षस', 'दैत्य', 'असुर' ही नावं कशी पडली असतील, याचा हा छोटा पण स्पष्ट नमुना आहे.

त्याआधी हजार वर्षं: कऱ्हाडचा लोखंडविक्या

आता राजांना बाजूला ठेवू आणि कऱ्हाडला जाऊ. इरुकुडीच्या बुद्धाचं महत्त्व समजायचं असेल तर या मुलखातला त्याआधीचा बुद्ध माहीत हवा.

मध्य प्रदेशात सतन्याजवळ भारहूतचा स्तूप होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात 'करहकट' म्हणजे कऱ्हाडचे लोक आहेत. व्यक्ती तर आहेतच, पण संपूर्ण करहकट निगमाचं, म्हणजे नगरसंघाचं दानही आहे. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत, आणि कऱ्हाडची माणसं हजारएक किलोमीटर दूरच्या स्तूपाला वर्गणी पाठवतात. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक लेणं कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेलं आहे. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात जखिणवाडीच्या बाजूला साठाहून अधिक लेणी आहेत. कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात स्तूपाचे अवशेष आणि अस्थिकरंडक सापडला. त्यावर बम्ह नावाच्या दात्याचं आणि ते काम करवून घेणाऱ्या धमगुताचं नाव आहे.

या सगळ्या नावांत राजा कुठे आहे? नाही. लोखंड विकणारा आहे, नगराचा संघ आहे, साधी माणसं आहेत. या मुलखातला पहिला बुद्ध लोकांनी आणला, लोकांनी पोसला. धम्माचा खर्च बाजारातून, कारागिराच्या कमाईतून येत होता.

मधल्या काळात हे चित्र पालटलं. व्यापाऱ्या-कारागिरांच्या दानांचे लेख कमी होत गेले आणि राजांची भूमिदानं वाढत गेली. ती मुख्यतः ब्राह्मणांना आणि देवळांना. रामशरण शर्मांसारख्या इतिहासकारांनी या भूमिदानांतून सरंजामी व्यवस्था कशी उभी राहिली ते दाखवलं आहे. बाबासाहेब ज्याला प्रतिक्रांती म्हणतात ती फक्त तलवारीने झाली नाही. ती जमिनीच्या कागदाने, म्हणजे त्या काळच्या ताम्रपटाने झाली. गाव दान दिलं की गावातला कर दान घेणाऱ्याचा. गावात राबणारे हात कुठेच जात नव्हते, फक्त त्यांच्या वरचा मालक पक्का होत होता. जन्माने ठरलेला मालक.

तीन जमिनी, तीन नशिबं

म्हणून १११० साली इरुकुडीला बुद्ध दिसतो तेव्हा तो वेगळा बुद्ध आहे. कऱ्हाडच्या निगमाचा नाही, राजाने बसवलेला आहे. आता त्या तीन मूर्तींचं पुढे काय झालं ते बघू. मूर्तींचं म्हणजे त्यांच्या परंपरांचं.

ईश्वराचं काय झालं ते सांगायला नको. गावोगावी शंकराची देवळं आहेत आणि त्यांच्या इनामांचे वाद आजही कोर्टात आहेत.

अर्हताचं काय झालं? सांगली, मिरज, कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात आजही मोठा जैन समाज आहे. त्यात शेतकरी आहेत, व्यापारी आहेत. १८९९ साली त्यांनी दक्षिण महाराष्ट्र जैन सभा उभी केली. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच जैन शेतकरी समाजातले. शिलाहार गेले, यादव गेले, सुलतान आले, पेशवाई आली, इंग्रज आले आणि गेले. जैन राहिले. का राहिले? शिलाहारांच्याच लेखांत उत्तर आहे. गंडरादित्याचा सामंत निंबदेव हा जैन. कोल्हापुरात त्याने पार्श्वनाथाचं मंदिर बांधलं. त्या मंदिरासाठी ११३५ च्या सुमाराला व्यापाऱ्यांच्या संघांनी आपल्या मालावर ठरावीक वाटा देण्याचं कबूल केलं. त्यात मिरजेच्या पेठेचे व्यापारीही होते. आजऱ्याच्या जैन मंदिरात बसून १२०५ साली सोमदेव नावाच्या मुनीने व्याकरणावर 'शब्दार्णवचंद्रिका' लिहिली. म्हणजे मंदिराबरोबर मुनी होते, पोथी होती, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 'मी जैन आहे' असं म्हणणारी घरं होती. राजाने जमीन दिली नसती तरी बाजाराने मंदिर चालवलं असतं.

याच काळातलं आणखी एक उदाहरण घ्या. विजयादित्य शिलाहाराच्या मदतीने बिज्जल कलचुरी कल्याणीचा मालक झाला, असं लेख म्हणतात. याच बिज्जलाच्या राज्यात बसवण्णा होते. त्यांच्या शरण चळवळीने ढोर, चांभार, सुतार, नावाडी अशा श्रम करणाऱ्या माणसांना एका नावाखाली आणलं. राजा विरोधात गेला, कत्तली झाल्या, तरी लिंगायत संपले नाहीत. आजही मिरज, जत भागात ते आहेत. त्यांनी पुढे जातिभेद किती पाळला हा वेगळा आणि कडू विषय आहे. टिकले मात्र नक्की.

आणि बुद्ध? कर्नाटकात गदगजवळ डंबळला १०९५ च्या लेखात बुद्धविहार आणि तारादेवीचं मंदिर आहे. ते शेठ-व्यापाऱ्यांनी उभं केलेलं. म्हणजे दक्षिणेत अजून काही ठिकाणी लोकांच्या आधाराचा दिवा जळत होता. पण इरुकुडीच्या नोंदीत जमीन आहे, मूर्ती आहे, राजा आहे. बुद्धामागे बाजार नाही, निगम नाही, लोखंड विकणारा महिक नाही. आधार देणारं घराणं शंभर वर्षांनी संपलं. पुढे या मुलखात बुद्धाचं नाव घेणारी घरं उरली नाहीत. शाहू महाराजांचं कोल्हापूर आलं, १९२० ची माणगाव परिषद झाली, बाबासाहेबांचं नेतृत्व उभं राहिलं, आणि मगच बुद्ध परत आला.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतात. संघात प्रवेश करणाऱ्या भिक्खूसाठी दीक्षाविधी होता, पण गृहस्थ उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती आणि भारतात बौद्ध धम्माच्या ऱ्हासाचं ते एक कारण होतं, असं त्यांचं मत. आपण हे वाचतो आणि पुढे जातो. इरुकुडीच्या तलावावर उभं राहून हे वाचा, म्हणजे त्याचं वजन कळेल. ज्या धम्माचा आधार विहार, भिक्खू आणि राजाचं दान एवढाच उरतो, तो विहार पडला, भिक्खू पांगले, राजा हरला की संपतो. 'मी बौद्ध आहे' असं शपथेवर म्हणणारा माणूस गावात असेल तर तो संपत नाही.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी काय केलं ते पुन्हा बघा. त्यांनी राजाकडून जमीन मागितली नाही. मोठी मूर्तीही बसवली नाही. लाखो गृहस्थ स्त्री-पुरुषांना उभं केलं, त्रिशरण-पंचशील दिलं आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. आठशे वर्षांपूर्वीची उणीव त्यांनी एका दिवसात भरून काढली. कुठल्याही राजाच्या ताम्रपटापेक्षा हा दस्तऐवज भक्कम आहे, कारण तो माणसांच्या तोंडी आहे.

तलाव कुणी खोदला?

आणखी एक प्रश्न राहिला. 'राजाने तलाव बांधला' असं आपण म्हणतो. राजाने हातात कुदळ घेतली नव्हती. गंडसमुद्राची माती कुणी उपसली, पाट्या कुणी डोक्यावर वाहिल्या, बांधाचा दगड कुणी फोडला? इतिहासाला राजा ठाऊक आहे, मूर्ती ठाऊक आहेत. खोदणारे ठाऊक नाहीत.

आता १९०१ साली या. याच मुलखात, कऱ्हाडजवळच्या मसूर स्टेशनवर काही मुलं उतरली. त्यातला एक होता भीमराव. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते. तिथे काय चाललं होतं? दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता. तलाव खोदला जात असलेल्या गावाला निघालेल्या या मुलांना रात्रभर वाटेत कुणी प्यायला पाणी दिलं नाही, कारण ती महार होती. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यानंतर २६ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उतरले.

तीन देवांना शेजारी बसवणारा तलाव आणि तहानलेल्या मुलांना पाणी नाकारणारा मुलूख, हा एकाच मातीचा इतिहास आहे. काठावर किती देव बसवले यावरून समाज सहिष्णू ठरत नाही. पाण्याला हात कोण लावू शकतो यावरून तो ठरतो. आमच्या जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडीजवळ १९८० च्या दशकातल्या चळवळीतून लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा द्यायचं तत्त्व ठरवलं. गंडरादित्याच्या तलावापेक्षा ते लहान असेल. इतिहासात मात्र मला ते मोठं वाटतं.

मग आपण काय करायचं?

आगाशिवला सहल काढा, पण नुसते फोटो काढून परत येऊ नका. कऱ्हाडच्या निगमाचं आणि महिक लोखंडविक्याचं नाव मुलांना तिथे सांगा. आपल्या विहाराच्या फळ्यावर लिहा, 'इ. स. १११०, मिरज प्रांत, इरुकुडी, बुद्धमूर्तीला जमीन'. कुणी शिलाहारांना 'हिंदू राज्य' म्हणून मिरवलं तर ही नोंद त्याच्यापुढे ठेवा. कुणी त्यांना 'बौद्ध राजे' म्हणून मिरवलं तर त्यालाही तीच दाखवा, सोबत प्रयागचं ब्राह्मणभोजनही सांगा.

आणि विहाराची वर्गणी गोळा करताना एक हिशोब मनात ठेवा. आमदार निधीतून आलेला पेव्हर ब्लॉक, नेत्याने दिलेली संगमरवरी मूर्ती, कमानीवरचं त्याचं नाव, हे सगळं इरुकुडीच्या जातीचं दान आहे. घ्यायचं तर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. तो नेता हरला, पक्ष बदलला, की काय उरेल? दर रविवारी वंदनेला येणारी दहा घरं, दर महिन्याला वीस रुपये देणारी मजूर बाई, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली आठवीतली पोरगी, हा आपला निगम आहे. ज्या वस्तीत तो आहे तिथला बुद्ध कुणा राजाबरोबर जाणार नाही. तुमच्या वस्तीत तो आहे का, हे या रविवारी मोजून बघा.

जय भीम! नमो बुद्धाय!